दोन लोकलच्या मधली तीन मिनिटं

सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या जलद गाडीच्या प्लॅटफॉर्मवर कुणालाही विचारा, मध्य रेल्वेला झालंय काय? उत्तर ठरलेलं: "गाड्या वाढवा, दुसरं काय!" मागणी रास्त आहे. पण तिच्यामागे एक गृहीतक आहे. रेल्वेकडे गाड्या पडून आहेत किंवा रूळ रिकामे आहेत आणि नुसती सोडायची इच्छा नाही, असं आपण धरून चालतो. गर्दीच्या वेळी मेन लाइनवर तसं काही नसतं. एक लोकल गेली की साधारण तीन मिनिटांनी दुसरी येते, आणि त्या तीन मिनिटांत आणखी एक गाडी घालायला जागाच नसते. ती तीन मिनिटं कुठून आली आणि ती रोज कुठे सांडतात, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

आधी मार्ग. सीएसएमटी ते कल्याण हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर, आणि मधे दोन्ही टोकं धरून २६ स्थानकं. धीमी लोकल सगळीकडे थांबत दीड तासाच्या आसपास कल्याणला पोचते, जलद तासाभरात. कल्याणला वाट फुटते. डावीकडची टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला जाते, उजवीकडची अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जतला आणि तिथून एकेरी रुळाने खोपोलीला. इंडिकेटरवर कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस' का, हा नव्या माणसाला पडणारा प्रश्न. कसारा ईशान्येची शाखा, कर्जत आग्नेयेची, त्या दिशांच्या इंग्रजी नावांची ती आद्याक्षरं. मुंबईकडे येणारी गाडी 'अप', मुंबईहून निघालेली 'डाऊन'. बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येणं म्हणजे 'डाऊन करून येणं'. पास कल्याणपर्यंतचा नसेल तर ते नियमात बसत नाही, तरी चालतं.

हे रूळ मुळात ऑफिसला जाणाऱ्यांसाठी टाकलेच नव्हते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तिथून त्यांची नजर दोन घाटांवर होती: थळ घाट चढून नाशिक-खानदेश, बोर घाट चढून पुणे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला देशावरचा कापूस बंदरात आणायचा होता. मुलुंड, डोंबिवली, बदलापूर ही त्या वाटेवरची गावं, उपनगरं पुष्कळ नंतर झाली. म्हणून आजही नाशिक, नागपूर, हावडा, पुणे, सोलापूर, चेन्नई या सगळ्या दिशांच्या गाड्या आणि बदलापूरहून दादरला निघालेला माणूस एकाच पट्ट्यातून मुंबईत शिरतात. कोकणातल्या गाड्याही दिव्याला येऊन त्यांनाच मिळतात. मध्य रेल्वेच्या निम्म्या दुखण्याचं मूळ इथे आहे. चर्चगेट-विरारवरही लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, पण कल्याणसारखी दोन घाटांची तोंडं एका जंक्शनात येऊन मिळत नाहीत.

तीन मिनिटंच का?

लोकल ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे ब्रेक मारला की जागच्या जागी थांबणं हा प्रकार नाही, काही शे मीटर लागतातच. वळणावर तर मोटरमनला पुढची गाडी दिसण्याच्या आत उशीर झालेला असतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता रुळांचे तुकडे पाडलेले असतात आणि नियम असतो की एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी.

तुकडा रिकामा आहे की भरलेला, हे सिग्नलला कसं कळतं? त्याची पारंपरिक पद्धत फार सुंदर आहे. त्या तुकड्याच्या दोन रुळांतून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह खेळवलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, प्रवाह मधल्यामध्येच वळतो, पलीकडच्या टोकाच्या उपकरणाला तो मिळेनासा होतो आणि सिग्नल लाल पडतो. रूळ तुटला, तार निघाली, वीज गेली तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, धावत राहता कामा नये, हा त्यामागचा विचार. आता बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारी यंत्रंही बसवली आहेत, विचार तोच.

गाडी एका तुकड्यातून पुढे सरकली की मागचा सिग्नल लालाचा पिवळा होतो, मग दोन पिवळे, मग हिरवा. हिरवा म्हणजे बिनधास्त जा, दोन पिवळे म्हणजे जपून, पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल आहे, थांबायच्या तयारीत ये. हे सगळं आपोआप होतं, केबिनमध्ये बसून प्रत्येक सिग्नल कुणी ओढत नाही.

आता दोन गाड्यांमधल्या वेळेचा ढोबळ हिशोब मांडू. स्थानकात शिरून थांबायला साधारण पाऊण मिनिट. उभं राहायला अर्धा मिनिट. सुटल्यावर बारा डब्यांची, म्हणजे सुमारे अडीचशे मीटर लांबीची गाडी शेवटच्या डब्यासकट बाहेर पडून पुढे सुरक्षित अंतर सुटेपर्यंत आणखी पाऊण मिनिट. झाली दोन मिनिटं. याहून कमी वेळात मागची गाडी त्याच प्लॅटफॉर्मला लागूच शकत नाही, मग तिचा मोटरमन कितीही तरबेज असो. तिसरं मिनिट ही राखीव गंगाजळी. काही चुकलं, कुठे दहा-वीस सेकंद जास्त लागले, तर ते यातून भागवायचे.

तीन मिनिटांना एक म्हणजे एका मार्गावर तासाला वीस गाड्या, त्याही कागदावर. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या सगळ्या मार्गांवर मिळून दिवसाला अठराशेच्या आसपास लोकल फेऱ्या होतात, आणि सकाळ-संध्याकाळचे काही तास हा आकडा छताला टेकलेला असतो. रोजची सगळी रडकथा ही त्या तिसऱ्या मिनिटाची आहे.

पहिली गळती: दारं

बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा बाराशेच्या आसपास, आणि गर्दीच्या वेळी आत माणसं त्याच्या कितीतरी पट. रेल्वेच्या भाषेत याला एक जडजंबाल नावही आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी. एवढी माणसं भरलेली गाडी घाटकोपरला थांबते. मेट्रोला जाणाऱ्यांना उतरायचं असतं, खालच्यांना चढायचं असतं, दारातल्यांना यांतलं काहीच करायचं नसतं. वेळापत्रकात थांबा वीस-तीस सेकंदांचा, लागतात चाळीस.

दहा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. कल्याणहून निघालेल्या धीम्या गाडीला सीएसएमटीपर्यंत मधे चोवीस थांबे आहेत. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद जास्त गेले तर होतात चार मिनिटं. राखीव होतं एक मिनिट. म्हणजे दादर यायच्या आधीच ही गाडी मागचीच्या वाटेत आडवी आलेली असते, आणि मागचीच्या मागे तिसरी, चौथी.

यात एक दुष्टचक्रही आहे. गाडीला उशीर झाला की प्लॅटफॉर्मवर जास्त माणसं जमतात. जास्त माणसं जमली की चढ-उतार लांबते, उशीर वाढतो, पुढच्या स्थानकात आणखी माणसं जमलेली असतात. उशिराची गाडी अशी फुगत जाते आणि तिच्या पाठोपाठची मोकळी येते. "मागून रिकामी येतेय" असं अनुभवी लोक सांगतात ते खरं असतं, पण मस्टरची वेळ डोक्यावर असलेल्याला ते ऐकवत नाही. तो लटकतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचे जीव गेले. त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली. दारं हवीतच. पण गर्दी तेवढीच ठेवून दारं बसवली की ती लागेपर्यंत गाडी उभी राहणार. एसी लोकलमध्ये शेवटचा माणूस पायरीवर अडकला की हा अनुभव आत्ताही येतो. जीव वाचवायची किंमत सेकंदांत मोजावी लागेल, आणि ते सेकंद दुसरीकडून कुठून तरी काढावे लागतील.

दुसरी गळती: सगळ्या गाड्या सारख्या नाहीत

एकाच वेगाच्या, एकसारख्या थांबणाऱ्या गाड्या असतील तर त्या दाटीवाटीने सोडता येतात. धीम्या मार्गाचं गणित त्यामुळे तुलनेने सरळ असतं. जलद मार्गावर मात्र लोकलच्या रांगेत मेल-एक्स्प्रेस येते. लोकलच्या अनेक डब्यांखाली मोटारी असतात, म्हणून ती झटकन वेग घेते. मेलला पुढे एकच इंजिन, मागे वीस-बावीस डबे. तिला उचलायला वेळ, थांबायला वेळ, आणि लांबीमुळे तुकडा रिकामा करायलाही वेळ. पंगतीत एकजण सावकाश जेवणारा असला की बाकीचे हात वाळवत बसतात, तसं मागच्या लोकलचं होतं. लातूर किंवा मनमाडहून येणारी गाडी रात्रभरात कुठेतरी रखडली आणि नेमकी सकाळी आठला कल्याणला उगवली, तर नियंत्रण कक्षातल्या माणसाला दोन वाईट पर्यायांतून एक निवडायचा असतो: रात्रभर प्रवास केलेल्यांना बाहेर ताटकळत ठेवायचं, की लोकलमधल्या हजारोंना.

यावरचा उपाय म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळे रूळ, म्हणजेच वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं वाचलेली 'पाचवी-सहावी मार्गिका'. चार रूळ लोकलचे, दोन बाकीच्यांचे. कुर्ला ते ठाणे हे सहा रूळ होते, दिवा ते कल्याणही होते. मधला ठाणे-दिवा तुकडा मात्र चारच रुळांचा राहिला होता. दोन्ही बाजूंना सहा पदरी रस्ता आणि मधे चार पदरी पूल असल्यावर जे होतं तेच इथे होत होतं. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ त्या रुळांवरच्या गाड्या थांबवून, तो तुकडा जोडला गेला. तेव्हापासून १९१६ साली खुला झालेला पारसिकचा बोगदा प्रामुख्याने मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या. बोगद्यातून जाताना येणाऱ्या त्या गार वाऱ्याची सवय असलेल्यांना ते अजून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

पण कुर्ल्याच्या पुढे मुंबईकडे मेन लाइनला आजही चारच रूळ आहेत. कुर्ला टर्मिनसला (नाव लोकमान्य टिळक टर्मिनस झालं तरी लोक कुर्लाच म्हणतात) थांबणाऱ्या गाड्या तिथेच वळतात. ज्या सीएसएमटीला किंवा दादरला जातात त्यांना लोकलच्या जलद रुळांवर यावंच लागतं. कल्याणपासून वेगळ्या रुळाने आलेली मेल इथे पुन्हा रांगेत घुसते.

तिसरी गळती: जिथे वाटा एकमेकींना छेदतात

मला विचाराल तर सगळ्यात मोठी गळती ही, आणि हिच्याविषयीच सर्वांत कमी बोललं जातं.

दोन रूळ जमिनीवर एकमेकांना छेदत असले की एका वाटेवरून गाडी जाताना दुसरी वाट बंद. समजा सीएसएमटीकडे येणारी मेल पाचव्या-सहाव्या मार्गिकेवरून जलद रुळावर न्यायची आहे. तिला आधी सांधे, म्हणजे पॉइंट, फिरवून वाट तयार करावी लागते. ती वाट कुलूपबंद झाली की आड येणाऱ्या बाकी सगळ्या वाटांचे सिग्नल लाल. मेल सांध्यांवरून जाताना वेग कमी ठेवते. तिचा शेवटचा डबा पार झाला की सांधे परत फिरवायचे, कुलूप लावायचं, मग लोकलला सिग्नल द्यायचा. या सगळ्यात तिसरं मिनिटच काय, तिन्ही मिनिटं जातात. एका गाडीने घेतलेल्या वळणाची किंमत मग दोन-तीन लोकल मोजतात, आणि आतल्या माणसाला कळत नाही की आपण मधेच का उभे आहोत, कारण खिडकीतून पाहिलं तर समोर काहीच नसतं.

यावर उपाय एकच, एका वाटेला दुसरीच्या डोक्यावरून न्यायचं. हे नवीन नाही. सँडहर्स्ट रोड स्थानकाचे दोन मजले आहेत, मेन लाइन खाली, हार्बर (पनवेलकडची दुसरी उपनगरी लाइन) वर. गोदीच्या बाजूने येणारी हार्बर पुलावरून मेन लाइन ओलांडते आणि सीएसएमटीला एक आणि दोन नंबरला लागते, त्यामुळे या दोघींचं भांडण तिथे होत नाही. कोपरलाही तसंच. खाली मेन, वरून वसई-पनवेलचा मार्ग. ज्यांनी हे पूल बांधले त्यांचे फोटो कुठे लागले नाहीत, पण रोज किती तरी मिनिटं ते वाचवतायत.

उलट कल्याण घ्या. कसारा आणि कर्जत या दोन्ही शाखांच्या लोकल, दोन्ही घाटांतून उतरलेल्या मेल, शिवाय मालगाड्या, सगळ्यांचा इथे मेळा. कल्याणच्या यार्डाची नव्याने बांधणी करून लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाटा वेगळ्या करण्याचं काम हाती घेतलेलं आहे. ते काम दिसायला कंटाळवाणं: सांधे, केबिन, वायरी, खडी. उद्घाटनाला फीत कापायला तिथे नीटशी जागाही मिळणार नाही. तरी डोंबिवली-बदलापूरकरांच्या दृष्टीने ते कुठल्याही नव्या रंगाच्या गाडीपेक्षा मोलाचं आहे.

कल्याणच्या पुढे तर आणखी बिकट. तिथून दोन्ही शाखांना लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांसाठी मिळून दोनच रूळ अशी स्थिती अनेक वर्षं चालत आली. बदलापूर, आसनगाव, वासिंद ही गावं ज्या वेगाने वाढली त्याच्या कित्येक पावलं मागे तिथली तिसरी-चौथी मार्गिका सरकत राहिली. कसारा आणि कर्जत ही घाटाच्या पायथ्याची स्थानकं. ३७ फुटांमागे एक फूट अशा चढासाठी मेलला इथे मागून ढकलणारी जास्तीची इंजिनं जोडतात. त्यात वेळ गेला की मागची टिटवाळा किंवा बदलापूर लोकल काय करणार?

आणि फाटकं. रेल्वेचं फाटक म्हणजे रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात ती जागा, आणि जोवर ते वाहनांसाठी उघडं आहे तोवर लोकलला सिग्नल मिळत नाही. दिव्याच्या फाटकाने वर्षानुवर्षं हा छळ केला. रिक्षा, टेम्पो, त्यांच्यामागून पळणारे पादचारी, फाटक बंद व्हायला तयार नाही, आणि तिकडे डोंबिवलीच्या अलीकडे एकामागून एक लोकल उभ्या. रस्त्यावरचा पूल वेळेत न झाल्याची शिक्षा रेल्वेच्या वेळापत्रकाला होते. पुलाच्या जोडरस्त्यासाठी जमीन मिळवणं पालिकेकडे, रुळांवरचा भाग रेल्वेकडे, मग एकमेकांकडे बोट दाखवण्यात वर्षं सहज निघून जातात.

चौथी गळती: टोकाची स्थानकं

गाडी शेवटच्या स्थानकाला पोचली म्हणजे काम संपलं असं नाही, तिला तिथून परत निघायचं असतं. सीएसएमटीला रूळ संपतात. आलेली गाडी त्याच वाटेने उलटी जाणार. मोटरमन आणि गार्ड यांच्या जागा बदलतात, किंवा दुसऱ्या टोकाला नवा मोटरमन तयार उभा असतो. हार्बरला सीएसएमटीत दोनच प्लॅटफॉर्म आहेत. समजा एक गाडी प्लॅटफॉर्म आत येण्यापासून बाहेर पडेपर्यंत आठ मिनिटं अडवते. दोन प्लॅटफॉर्म म्हणजे चार मिनिटांना एक गाडी. बाहेर पनवेलपर्यंत कितीही चकाचक सिग्नल बसवा, या टोकाला त्याहून जास्त गाड्या वळवता येणार नाहीत. त्यातून स्थानकाच्या तोंडाशी आत येणारी गाडी आणि बाहेर जाणारी गाडी पुन्हा एकमेकींना छेदतात ते निराळंच.

म्हणूनच अधूनमधून गाड्या वळवायची सोय करतात: ठाणे, डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर. २०१९ मध्ये परळला लोकल सुटण्यासाठी सोय झाली तीही याच हेतूने. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्यावर अर्धी गाडी परळ-दादरला रिकामी होत असेल, तर प्रत्येक गाडी सीएसएमटीपर्यंत नेऊन तिथल्या प्लॅटफॉर्मवर बोजा कशाला टाकायचा?

पाऊस आणि रविवार

पावसाचं थोडक्यात. सखल भागात, विशेषतः शीव-कुर्ल्याच्या पट्ट्यात, मिठी नदी फुगली की पाणी रुळांवर येतं. पाणी रुळांच्या वर चार-पाच इंच चढलं की डब्याखालच्या मोटारींना धोका, म्हणून गाड्या थांबवतात. पण त्याच्या बऱ्याच आधी गडबड सुरू होते. दोन रुळांमध्ये घाण पाणी साचलं की प्रवाह पाण्यातून गळतो आणि तिथे गाडी उभी असल्यासारखा सिग्नल लाल होतो. सांधे फिरवणाऱ्या मोटारीत पाणी शिरलं तर वाटच बदलता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा पावसात काय बंद करायचं? यंत्रणेच्या दृष्टीने मात्र शंका आली की थांबणं हेच तिचं काम.

रविवारचा मेगाब्लॉक हा याच चणचणीचा दुसरा चेहरा. रात्री एक-दीडला शेवटच्या गाड्या निघून जातात आणि पहाटे चारच्या आसपास पहिली सुटते. मधल्या अडीच-तीन तासांत रूळ, वायर, सिग्नल सगळं तपासणं होत नाही. म्हणून रविवारी दिवसा एक मार्ग बंद करून गाड्या शेजारच्या मार्गावर वळवतात. धीमी गाडी जलद मार्गावर गेली की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाही, हे दर शनिवारच्या बातमीत असतंच. त्यामागचं कारण साधं आहे: जलद रुळांना तिथे प्लॅटफॉर्मच नाहीत.

मग गाड्या वाढणार कशा?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे गाडी लांब करणं. बाराचे पंधरा डबे केले की त्याच तीन मिनिटांत चौथा हिस्सा जास्त माणसं जातात, रुळांना कळतसुद्धा नाही. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी २०१२ पासून आहे, पण फेऱ्या मोजक्या. अडचण प्लॅटफॉर्मची. तो लांबवायचा म्हटलं की टोकाला सिग्नल, सांधे, पादचारी पूल किंवा रस्ता आडवा येतो, आणि सिग्नल हलवला की पुढच्या-मागच्या तुकड्यांचा सगळा हिशोब नव्याने. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याचा पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला, यावरून काय ते समजा. तरीही माझं मत असं की धीम्या मार्गावर पंधरा डबे हा सर्वांत स्वस्त आणि लवकर हाती लागणारा उपाय आहे, आणि त्याच्या पाठीमागे पुरेसा रेटा नाही.

दुसरा उपाय सिग्नलचा. रुळांचे ठरावीक तुकडे सोडून द्यायचे आणि प्रत्येक गाडी नेमकी कुठे, किती वेगात आहे हे रेडिओने सतत कळवत ठेवायचं. मग मागची गाडी पुढचीच्या मागे फक्त ब्रेकच्या अंतराएवढी दूर राहिली तरी चालतं. तीन मिनिटांची अडीच किंवा त्याहून थोडी कमी होऊ शकतात. मेट्रोत हे चालतंच. पण मघाचा हिशोब आठवा. त्यात अर्धा मिनिट थांब्याचा होता आणि तो सिग्नलने कमी होत नाही. सांध्यांची छेदाछेद आणि टोकाचे प्लॅटफॉर्मही तसेच राहतात. कुणी नुसती नवी सिग्नल यंत्रणा आणून गाड्या दीडपट करण्याचं सांगत असेल तर त्याला आधी सीएसएमटीत त्या वळवणार कुठे, एवढं विचारावं.

तिसरा, कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका, पहिल्या टप्प्यात परळपर्यंत. हे काम इंचाइंचाने चाललंय, कारण दोन्ही बाजूंना शहर अगदी रुळांना चिकटून आहे. कुर्ल्याला हार्बरचे प्लॅटफॉर्म उंचावर नेऊन खालची जागा मोकळी करायची आहे. शीवचा १९१२ चा रस्त्यावरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये वाहतुकीला बंद केला तो याचसाठी, कारण जुन्या पुलाखालून आणखी दोन रूळ जातच नव्हते. शीव-धारावीकरांना त्या बंद पुलाने जो वळसा घालायला लावला, त्याचा थेट संबंध कर्जत लोकलच्या वेळेशी आहे.

तोवर निदान एवढं ओळखता येतं. गाडी दोन स्थानकांच्या मधे उभी राहिली, मिनिटभराने सुटली आणि मग चालत जावं तशी सरपटत निघाली, तर बहुधा सिग्नल बिघडलाय. आपोआप चालणारा सिग्नल लाल असला तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून मगच जपून पुढे जायचं असा नियम आहे. ठाणे, दिवा किंवा कल्याणच्या जरा अलीकडे उभी असेल आणि शेजारून मेल किंवा मालगाडी तिरकी जाताना दिसली, तर वाट छेदली जातेय, ती गेली की तुमची सुटेल. प्रत्येक स्थानकात थोडी थोडी जास्त थांबत असेल, तर तुम्ही फुगलेल्या गाडीत आहात आणि मागची खरंच मोकळी आहे. आणि दादर सोडल्यावर मशीद-सीएसएमटीच्या मधे उगाच ताटकळलात, तर आत प्लॅटफॉर्म रिकामा व्हायची वाट पाहणं चाललंय. अशा वेळी उतरून रुळांतून चालत जाण्यापेक्षा बसून राहिलेलं बरं, कारण आतली गाडी निघाली की पुढचा नंबर तुमचाच असतो.